तुरुंगाशेजारचं मुक्तांगण

मुळशी खोऱ्याची येरवड्याशी ओळख झाली ती तुरुंगामुळे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाचं काम बंद पाडायला मावळे मुळा-नीळेच्या काठी जमले आणि पुढची तीन वर्षं मुळशी पेट्यातून सत्याग्रहींच्या तुकड्या तुरुंगात जात राहिल्या. पुरुष गेले, बायाही गेल्या. सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट यांच्या वाट्याला तर एकामागून एक शिक्षा आल्या. येरवड्यातल्या मुळशीच्या कैद्यांना नेमून दिलेलं काम पुरं केलं नाही म्हणून फटके बसले. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते. या कैद्यांच्या बाबतीत मध्यस्थी करायची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांना कळवली आणि सुटल्यावर तुरुंगातले अनुभव लिहिताना हा प्रकार नोंदवूनही ठेवला.

ते सत्याग्रही होते. त्यांच्या वागण्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. पण फटक्याने माणूस वळणावर येतो, ही समजूत सरकारदरबारी पक्की होती. दारुड्या आणि नशेबाज माणसाच्या बाबतीत ती पुढेही अनेक दशकं टिकली. आमच्या मुळशी तालुक्यातल्या कित्येक घरांत आणि चावड्यांवर ती आजही ऐकू येते.

त्याच येरवड्यात, तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर, २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. २९ ऑगस्ट २०२६ ला त्याला चाळीस वर्षं होतात. संस्थेची जन्मकथा स्वतः डॉ. अनिल अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात सांगितली आहे, ती इथे सगळी पुन्हा सांगायची गरज नाही. स्मरणिकेच्या या पानांत मला एकाच बाजूने या इतिहासाकडे पाहायचं आहे: पोलीस ठाणं, न्यायालय आणि तुरुंग यांच्या रस्त्यावर ही संस्था कशी उभी राहिली, आणि तिने त्या रस्त्यावरच्या माणसाला काय दिलं.

येरवड्याचा भूगोल आधी लक्षात घ्यायला हवा. मध्यवर्ती कारागृहाची उभारणी १८७१ ची. जवळच प्रादेशिक मनोरुग्णालय, २५४० खाटांचं, देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन वेगळी खाती वाटतात, एक गृहखात्याचं आणि दुसरं आरोग्यखात्याचं. व्यवहारात मात्र दोन्हीकडे जाण्याची वाट पोलीस ठाण्यावरून आणि मॅजिस्ट्रेटसमोरून जात असे. मुक्तांगण सुरू झालं तेव्हा मनोरुग्णांसाठी १९१२ चा इंग्रजी अमलातला कायदा चालू होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसाने धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, डॉक्टरचा दाखला घ्यायचा, की मॅजिस्ट्रेट ‘रिसेप्शन ऑर्डर’ काढणार. त्या कागदावर माणूस आत येई. बाहेर पडायला पुन्हा कागद लागे, आणि घरचं कोणी न्यायला आलं नाही तर तो कागद वर्षानुवर्षं निघत नसे. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना थेट तुरुंगातच ठेवण्याची पद्धतही देशात अनेक ठिकाणी होती. ती बेकायदा आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला, आणि तो मिळवण्यासाठी झगडली ती मुंबईची पत्रकार शीला बर्से.

अशा जागी, त्याच मनोरुग्णालयाच्या आवारातल्या एका इमारतीत, व्यसनी माणसांसाठी एक केंद्र निघालं आणि त्याने ठरवलं की इथे माणसाला बांधायचं नाही, मारायचं नाही, आणि त्याची स्वतःची तयारी असल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत. मला हा निर्णय संस्थेच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो. पैसा, जागा, परवानग्या पुढेमागे मिळतातच. पण चहूकडे कुलपं असताना माणसावर विश्वास टाकायचा, तोही ज्याच्यावर त्याच्या आईचा विश्वास उरलेला नाही अशावर, याला वेगळी छाती लागते.

ती छाती डॉ. अनिता अवचट यांची होती. त्या मनोविकारतज्ज्ञ, याच मनोरुग्णालयात नोकरीला. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, आली. चांदीच्या पन्नीवर भुकटी टाकायची, खाली काडी धरायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. पुडी स्वस्तात मिळे आणि काही आठवड्यांत पोरगा तिचा होऊन जाई. ओळखीतल्या एका घरातल्या मुलाला हे व्यसन लागल्याचं कळलं आणि अवचट पती-पत्नी या विषयात शिरले. अनिल अवचट पत्रकाराच्या पद्धतीने हिंडले, व्यसनी मुलांशी, त्यांच्या आईबापांशी, डॉक्टरांशी बोलले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. तिचंच पुढे ‘गर्द’ हे पुस्तक झालं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ते लेखन वाचलं आणि अस्वस्थ होऊन विचारलं की यावर काही करता येईल का. त्यांच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले. सरकारने मनोरुग्णालयाच्या आवारात जागा दिली. उद्घाटन पु. लं.च्याच हस्ते झालं. उपचारांची घडी बसवताना मुंबईचे तरुण मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी सोबत होते. पुढे १९९० मध्ये ठाण्यात आय.पी.एच. ही मानसिक आरोग्य संस्था उभी करणारे ते हेच.

मुक्तांगण सुरू होण्याच्या साडेनऊ महिने आधी, १४ नोव्हेंबर १९८५ ला, अमली पदार्थविरोधी कायदा देशात लागू झाला होता. कायदा कडक होता. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. स्वतःच्या सेवनापुरता थोडासा माल सापडला तरच शिक्षा कमी. गर्दुल्ला हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला तो याच काळात, आणि त्या शब्दासोबत त्या पोराचं नाव, गाव, घर सगळं पुसलं गेलं. एकीकडे असा कायदा आणि दुसरीकडे मनोरुग्णालयातली एक इमारत, जिथे एक डॉक्टरीणबाई त्याच पोराला नावाने हाक मारतात. मुक्तांगणचं पहिलं दशक या दोन टोकांच्या मध्ये गेलं.

रुग्ण अनिताताईंना ‘बडी मॅडम’ म्हणत आणि अनिल अवचटांना ‘बाबा’. मनोरुग्णालयातली सरकारी नोकरी, घरी दोन मुली, पुढे कर्करोग, आणि तरीही वॉर्डमध्ये त्यांचं येणं थांबलं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाने संस्था दरवर्षी संघर्ष सन्मान पुरस्कार देते.

उपचार पस्तीस दिवसांचे. सुरुवातीचे दिवस शरीर सावरण्यात जातात. मग दिवसाला आकार येतो. सकाळी लवकर उठायचं, व्यायाम, प्राणायाम, प्रार्थना. वॉर्डची झाडलोट, संडास धुणं, भांडी घासणं हे सगळं रुग्णांनीच करायचं. घरचा बंगला असो नाहीतर झोपडी, हातात झाडू येतोच. दिवसभरात गटचर्चा, समुपदेशन, आणि ‘शेअरिंग’: गोल बसून प्रत्येकाने आपलं सांगायचं, बाकीच्यांनी न अडवता ऐकायचं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केली. तिच्या बारा पायऱ्या इथे मराठीतून, आपल्या बोलण्यातून शिकवल्या जातात. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं, पोराच्या शाळेच्या फीचे पैसे उडवल्याचं, बापावर हात उगारल्याचं माणूस इथे पहिल्यांदा मोठ्याने बोलतो. समोर बसलेल्या कार्यकर्त्याने तेच केलेलं असतं, म्हणून त्याला ते बोलता येतं. बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते होतात, समुपदेशक होतात. ही या संस्थेची खरी कमाई आहे असं मी म्हणेन. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी बायकोच्या अंगातली भीती आपोआप सुटत नाही. नंतर स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ झालं. गावोगावी फॉलो-अपच्या बैठका सुरू झाल्या. व्यसन सुटल्याचा वाढदिवस साजरा करायची प्रथा पडली.

आता पोलीस ठाण्याकडे येतो, कारण मुक्तांगणच्या या शहाणपणाची खरी गरज तिथे आहे.

गर्द ओढणाऱ्याचा शेवटचा झुरका संपला की आठ-बारा तासांत ‘टर्की’ सुरू होते. नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पाय आतून खेचल्यासारखे दुखतात, उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं कळसाला पोचतं. दारूचं आणखी धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरायला लागतात, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, वेळ-जागेचं भान सुटतं. या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. आणि राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमानुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. म्हणजे कायद्याचं घड्याळ आणि शरीराचं घड्याळ नेमकं एकाच वेळी चालतं. आमच्या तालुक्यातल्या पौडच्या कोठडीत रात्र काढून सकाळी न्यायालयात आणलेला पोरगा त्या वेळी त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट अवस्थेत असतो. तो कुठल्याही कागदावर सही करेल. विचारलेल्या प्रश्नाला काहीही उत्तर देईल, फक्त हे थांबावं म्हणून. पोलिसाला वाटतं हा नाटक करतोय. वकिलाला घाई असते. पुढची तारीख पडते आणि पोरगा तुरुंगात जातो, आणि टर्कीचे उरलेले दिवस बराकीच्या फरशीवर काढतो.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी हे कायद्यात आहे. पण त्या तपासणीत मारहाणीच्या खुणा आहेत का एवढंच बहुधा पाहिलं जातं. शेवटचं कधी प्यायलास, रोज किती पितोस, पूर्वी फिट आली होती का, हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागत नाहीत. मुक्तांगणमध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी विचारले जातात. तेवढं जरी ठाण्याच्या पातळीवर आलं तरी माणसं वाचतील.

कायद्याने उपचाराची दारं ठेवलीच नाहीत असं नाही. १९८५ च्या कायद्यातलं ३९ वं कलम न्यायालयाला मुभा देतं की सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी सोडावं. त्याने वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल आणून द्यायचा. ६४-अ हे कलम त्याच्याही पुढे जातं: अशा आरोपीने स्वतःहून उपचार घेतले आणि पुरे केले तर त्याच्यावर खटलाच चालवायचा नाही. अल्प माल म्हणजे किती तेही ठरलेलं आहे, हेरॉइन पाच ग्रॅम, गांजा एक किलो. ही कलमं कागदावर उत्तम आहेत. मात्र पंजाबातल्या खटल्यांचा विधी सेंटर या संस्थेने अभ्यास केला, तेव्हा न्यायालयांनी त्यांचा आधार घेतल्याचं जवळजवळ दिसलं नाही. कारण सोपं आहे. आरोपीला ती माहीत नसतात, फुकट मिळालेल्या वकिलाला त्याच्यासाठी वेळ नसतो, आणि न्यायाधीशापुढे जवळच्या मान्यताप्राप्त केंद्राचं नाव ठेवणारं कोणी नसतं.

जगात हे दार उघडून पाहिलेली ठिकाणं आहेत. अमेरिकेत मायामी शहरात १९८९ मध्ये पहिलं ड्रग कोर्ट निघालं. तिथे न्यायाधीशच दर काही आठवड्यांनी आरोपीला बोलावून उपचार कसे चालले आहेत ते विचारतो आणि उपचार पुरे झाले की खटला संपतो. पोर्तुगालने २००१ पासून थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाला फौजदारी न्यायालयातून काढून एका समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. तिच्यात समाजकार्यकर्ते, मानसतज्ज्ञ, कायदा जाणणारे असतात. आपल्याकडे मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू केलं आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ता थेट आर्थर रोड तुरुंगात नेऊन बसवला. कच्च्या कैद्याच्या घरी निरोप द्यायचा, जामिनाची कागदपत्रं जमवायची, सुटल्यावर राहायची जागा आणि काम शोधायचं. प्रयास आणि मुक्तांगण यांची कामं वेगळी, पण दोघांना एकच गोष्ट उमगली होती: माणूस सुटून बाहेर येतो तो दिवस सर्वांत धोक्याचा. जुने सोबती तुरुंगाच्या दारात हजर असतात, घरचे नसतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि नशेतून येणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारातच धरलं आहे. त्याच कायद्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय असायला हवी. येरवड्याची मंजूर क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि आत माणसं त्याच्या दुपटीहून अधिक, हे अलीकडच्या वर्षांतलं नेहमीचं चित्र. २०२२ च्या देशभराच्या आकडेवारीत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. एवढ्या गर्दीत मानसोपचार डॉक्टर एकटा काय करणार? इथे बरे झालेल्या व्यसनी माणसांच्या गटाचं महत्त्व कळतं. गटाला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. गोल बसायला जागा आणि ऐकायला तयार माणसं लागतात.

नव्या शतकात मुक्तांगण मनोरुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडून येरवड्यातच आळंदी रस्त्याला स्वतःच्या इमारतीत गेलं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता दिली, त्यामुळे इतर संस्थांचे कार्यकर्ते इथे शिकायला येऊ लागले. अनिताताईंची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी आईचं काम हातात घेतलं आणि दारू-गर्दच्या जोडीला मोबाइलच्या व्यसनापर्यंत ते वाढवलं. २७ जानेवारी २०२२ ला बाबा गेले. संस्था थांबली नाही. ज्या संस्थेत रुग्णच कार्यकर्ते होतात ती कुण्या एकाच्या जाण्याने थांबत नसते.

मुळशीकडे परत येतो. शंभर वर्षांपूर्वी धरणाखाली जमीन गेली. १९९० च्या दशकापासून हिंजवडीत आयटी पार्क आला, डोंगरांत बंगले आले, आणि उरलेली जमीन गुंठ्यांच्या भावाने गेली. हातात एकदम आलेला पैसा, नांगर सुटलेला, नोकरीचं शिक्षण नाही, आणि रस्त्याला धाब्यांची रांग. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये ही गोष्ट पडद्यावर आणली तेव्हा आमच्या गावांत ती नवी कुणालाच वाटली नाही. तरण्या पोरांच्या हातून गुन्हे घडतात त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी रोजची दारू आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि केसच्या कागदांत कुठेच नसतं.

म्हणून संस्थेच्या पुढच्या दशकासाठी एक काम इथे मांडतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे व्यसनग्रस्तांना कायदेशीर मदत देण्याची योजना आहे. तिच्याखाली पौडच्या न्यायालयात आठवड्यातून एक दिवस मुक्तांगणचा एक कार्यकर्ता बसावा, शक्यतो मुळशीचाच, स्वतः बरा झालेला. नव्याने आणलेल्या आरोपीला त्याने ते तीन प्रश्न विचारावेत. जिथे ३९ किंवा ६४-अ लागू होतं तिथे वकिलाला सांगावं. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आणि बाररूमच्या भिंतीवर केंद्राचा पत्ता लावावा. न्यायालयात वर्षभरात जो अहवाल द्यायचा असतो त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही: रुग्ण किती बैठकांना आला, कधी घसरला, पुन्हा कधी उभा राहिला, घरी कसा वागतो, हे सगळं फॉलो-अपच्या वहीत दर महिन्याला लिहिलं जातंच.